टायर मॉडेल: उतारावर हँडब्रेक लावलेली गाडी मिनिटाला एक मीटर खाली का सरकतेय?

साताऱ्याचं_स्टिअरिंग

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून छोटा ड्रायव्हिंग सिम्युलेटर लिहितोय, सी प्लस प्लसमध्ये, सगळं स्वतःचं, रेडीमेड इंजिन घेतलेलं नाही (आता पस्तावतोय पण असो). इंजिन, गिअर, सस्पेन्शन जमलं कसंबसं, टायरपाशी येऊन गाडी शब्दशः अडकलीये, म्हणजे अडकली असती तर बरं झालं असतं, ती थांबतच नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

गाडी १२०० किलो, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, एका चाकाचं इनर्शिया १ (एसआयमध्ये). गणित सेकंदाला ६० वेळा, साधं ऑयलर (आत्ताच्या दरावरून पुढच्या क्षणाची किंमत काढायची). टायरला ते पाचेकाचं मॅजिक फॉर्म्युला, टायर किती घसरतोय त्यावरून फोर्स देणारं (पाचेका का पासेज्का देव जाणे):

फोर्स = डी × साइन[ सी × आर्कटॅन{ बी·एक्स − ई × (बी·एक्स − आर्कटॅन(बी·एक्स)) } ]

एक्स म्हणजे पुढेमागेला स्लिप (चाक गाडीच्या वेगाच्या तुलनेत किती घसरतंय ते), आडव्या दिशेला टायरच्या तिरकेपणाचा अँगल; डी म्हणजे जास्तीत जास्त फोर्स, बी, सी, ई कर्व्हचा आकार ठरवतात. पुढेमागेच्या दिशेला सुरुवातीचा स्टिफनेस (स्लिपमागे फोर्स किती वाढतो ते) ६०,००० न्यूटन प्रति युनिट स्लिप धरलाय. आडव्या दिशेला ते नेटवर सगळीकडे फिरणारे जुने आकडे घेतलेत, ए१ = −२२.१, ए२ = १०११, ए३ = १०७८ वगैरे.

आता रडगाणं.

पहिलं, जरा वळवली की गाडी वळणाच्या उलट दिशेला अशी उडते की कॅमेऱ्याला सापडत नाही. दुसरं, सरळ रस्त्यावर ४० च्या स्पीडला चाकं थरथरतात, म्हणजे एका फ्रेमला चाक गाडीपेक्षा जोरात फिरतं, पुढच्या फ्रेमला उलटं, परत जोरात, आणि गंमत म्हणजे १६० च्या वर गेलं की सगळं एकदम शांत, लोण्यासारखं. उलटं व्हायला पाहिजे ना?

तिसरं म्हणजे शीर्षकातलं. घाटाचा तुकडा म्हणून ६ टक्क्यांचा सरळ उतार केलाय, त्यावर हँडब्रेक लावून उभी केली (हँडब्रेक म्हणजे मागच्या दोन्ही चाकांचा फिरण्याचा वेग जबरदस्तीने शून्य, पुढच्या चाकांचा फोर्स टेस्टपुरता बंद) तर गाडी आपली सावकाश खाली सरकते. मोजलं, मिनिटाला साधारण एक मीटर. ब्रेक वाढवून काही होत नाही कारण चाक आधीच लॉक आहे. स्लिप काढताना खाली शून्याने भागाकार येऊ नये म्हणून वेग ३ मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेला तर ३ च धरलाय, हे बरोबर आहे ना?

आमचे गाइड म्हणतात एवढं कशाला, फोर्स म्हणजे स्टिफनेस गुणिले स्लिप घे, मार्क मिळतील. पण मला कळून घ्यायचंय की चुकतंय कुठे.

पेट्रोल_डोक्यात

भावा रेडीमेड इंजिन घे, त्यात चाकाचा तयार कंपोनंट असतो, दोन पॉइंट द्यायचे की ग्रिपचा कर्व्ह तयार, आमच्या अख्ख्या गेमला तेवढ्यात भागलं. टायरचं गणित करून कुणाचं भलं झालंय.

चाकणकर_७२

वरच्या साहेबांचं गेमपुरतं बरोबर आहे, पण पोराने प्रश्न वेगळा विचारलाय.

पहिल्या रडगाण्याचं उत्तर मी देतो, हे मी स्वतः भोगलंय त्यामुळे वाचल्या वाचल्या हसू आलं. मित्रा, ते जे ए१, ए२ वाले आकडे आहेत ते १९८७ चे आहेत, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पाचेकांनी व्होल्वोच्या लोकांबरोबर पेपर लिहिला होता त्यातले. त्या जुन्या पद्धतीत लोड किलोन्यूटनमध्ये घालायचा, अँगल डिग्रीत घालायचा, पुढेमागेची स्लिप टक्क्यांत घालायची आणि उत्तर मात्र न्यूटनमध्ये येतं. खिचडी आहे सगळी. नंतरच्या आवृत्त्यांत सगळं सरळ एसआयमध्ये केलं, न्यूटन आणि रेडियन, त्यामुळे एका ठिकाणचा कोड आणि दुसऱ्या ठिकाणचे आकडे घेतले की झाला सत्यानाश.

तू काय केलंयस ते सांगू? डी = ए१ × लोडचा वर्ग + ए२ × लोड. एका चाकावर ४ किलोन्यूटन लोड धर. बरोबर घातलास तर −२२.१ × १६ + १०११ × ४ = ३६९० न्यूटन, म्हणजे ग्रिपचा गुणांक ०.९२, कोरड्या डांबरावर अगदी शोभेल असा. तू ४००० घातले असणार. मग वर्ग होतो १ कोटी ६० लाख, त्याला उणे २२.१ ने गुण, आणि उत्तर येतं उणे ३४ कोटी ९५ लाख न्यूटन. उणे! बी तू वेगळा ठरावीक धरला असशील, म्हणजे टायर वळणाकडे ओढण्याऐवजी गाडीला बाहेर ढकलतोय, आणि तेही अख्खी आगगाडी उचलेल एवढ्या जोराने. कॅमेऱ्याला कशी सापडेल.

आणि लोड सुधारलास तरी अँगल रेडियनमध्ये राहिला तर दुसरीच मजा, टायर ५७ पट मऊ होईल, स्टिअरिंग फिरवशील आणि गाडी बर्फावर असल्यासारखी नुसती बघत राहील. दोन्ही एकदम दुरुस्त कर. तपासायला एक सोपी खूण: ४ किलोन्यूटनला सुरुवातीचा चढ म्हणजे बी×सी×डी साधारण १०२७ न्यूटन प्रति डिग्री यायला हवा, आणि कर्व्हचा कळस नऊ-साडेनऊ डिग्रीच्या आसपास. हे दोन आकडे जुळले की समज पहिला प्रॉब्लेम संपला.

बाकी दोन प्रॉब्लेम फॉर्म्युल्याचे नाहीत. त्यासाठी इथे जास्त जाणकार मंडळी आहेत, ती येतील.

रबरवाली

आले.

आधी दुसरा प्रॉब्लेम कारण त्याचं उत्तर पाटीवर करता येतं. चाकाचं समीकरण लिही: इनर्शिया × कोनीय त्वरण = टॉर्क − त्रिज्या × फोर्स. फोर्स म्हणजे ६०,००० × स्लिप, आणि स्लिप म्हणजे (चाकाच्या कडेचा वेग − गाडीचा वेग) भागिले गाडीचा वेग. हे आत घातलं की चाकाचा वेग गाडीच्या वेगाशी जुळायला ज्या घाईने धावतो ती घाई येते ६०,००० × ०.३ × ०.३ ÷ १ ÷ वेग, म्हणजे ५४०० भागिले गाडीचा वेग, प्रति सेकंद. साध्या ऑयलरची अट अशी की ही घाई गुणिले तुझी स्टेप दोनपेक्षा कमी पाहिजे, नाहीतर प्रत्येक स्टेपला उत्तर पलीकडे उडी मारतं. तुझी स्टेप १/६० सेकंद, म्हणजे ९० भागिले वेग हे दोनपेक्षा कमी पाहिजे, म्हणजे वेग ४५ मीटर प्रति सेकंदाच्या वर पाहिजे, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर.

आता तुझंच वाक्य परत वाच, "१६० च्या वर गेलं की शांत". तुझी गाडी तुला उत्तर सांगत होती रे. टायर जेवढा सावकाश चालतो तेवढं हे समीकरण ताठ होत जातं (म्हणजे त्याला अजून छोटी स्टेप लागते), आपल्याला वाटतं तसं उलटं नाही. सेकंदाला १००० स्टेप घेतल्यास तरी २.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी दहाच्या खाली (तुझा तो ३ चा टेकू काढलास की) तीच बोंब. त्यामुळे नुसत्या स्टेप वाढवून सुटणार नाही, फक्त प्रॉब्लेम कमी स्पीडकडे ढकलला जाईल.

आता तिसरा, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे, दुसरा त्याचाच भाऊ.

दातांचा ब्रश घे, ओट्यावर दाबून धर आणि मूठ हळूच पुढे ढकल. आधी काय होतं? ब्रशची टोकं ओट्याला चिकटून राहतात, केस वाकतात, हाताला विरोध जाणवतो पण घसरलेलं काहीच नसतं. अजून ढकललंस की मग टोकं सुटतात. टायर जमिनीला टेकतो तिथलं रबर असंच वागतं, याच कल्पनेवर जुनं ब्रश मॉडेल उभं आहे. चाक फिरत असताना पुढून सतत नवे, न वाकलेले केस आत येतात, मागून वाकलेले बाहेर जातात, म्हणून वाकणं किती हे घसरण भागिले वेग यावर ठरतं, आणि तीच तुझी स्लिप. स्लिपची व्याख्याच मुळी "चाक गडगडतंय" हे गृहीत धरून केलेली आहे. गाडी उभी राहिली की नवे केस येणं बंद, मग जे वाकलेत ते वाकलेलेच राहतात. म्हणजे उभा टायर हा स्प्रिंग आहे.

आणि तू काय केलंयस? खाली ३ कायमचा धरलास. मग तुझा फोर्स झाला ६०,००० × सरकण्याचा वेग ÷ ३. म्हणजे वेगाच्या प्रमाणात विरोध, म्हणजे डॅम्पर. दरवाजा आपोआप सावकाश बंद व्हावा म्हणून वर बसवतात ना, तसला. तो दरवाजा सावकाश बंद करतो, धरून ठेवत नाही. डॅम्परकडून फोर्स हवा तर सरकावंच लागतं, त्यामुळे तुझी गाडी सरकणारच, कितीही ब्रेक लाव.

हिशोब कर. ६ टक्के उतार, १२०० किलो, खाली ओढणारा फोर्स साधारण ७०६ न्यूटन. मागचे दोन टायर, १,२०,००० ÷ ३ = ४०,००० न्यूटन प्रति मीटर प्रति सेकंद. ७०६ ÷ ४०,००० = ०.०१७६ मीटर प्रति सेकंद. गुणिले ६०, १.०६ मीटर दर मिनिटाला. तुझं मोजमाप छान आहे, तुझा कोड अगदी बरोबर चाललाय, फक्त चुकीच्या गोष्टीचं गणित करतोय. ३ च्या जागी १ धरलास तर मिनिटाला ३५ सेंटिमीटर होईल, ०.१ धरलास तर साडेतीन, पण मग थरथर अजून वाढेल. लोक वर्षानुवर्षं हा आकडा वरखाली करत बसतात.

उपाय असा की स्लिप भागाकाराने काढूच नको. स्लिपलाच एक स्टेट व्हेरिएबल (मागच्या स्टेपची किंमत लक्षात ठेवून पुढे न्यायची राशी) कर, तिचं आपलं छोटं समीकरण:

सिग्मा × (स्लिपच्या बदलाचा दर) + वेग × स्लिप = घसरण्याचा वेग

इथे घसरण्याचा वेग म्हणजे चाकाच्या कडेचा वेग वजा गाडीचा, आणि सिग्मा म्हणजे रिलॅक्सेशन लेंग्थ, टायरला फोर्स भरायला जेवढं अंतर चालावं लागतं ते. बर्नार्ड आणि क्लोव्हर यांनी १९९५ मध्ये कमी वेगासाठी हीच वाट दाखवली होती. कुठे भागाकार दिसतो का वेगाने? नाही. वेग मोठा असेल तर स्लिप पटकन जुन्या व्याख्येवर येऊन बसते. वेग शून्य झाला तर दुसरं पद गळतं आणि स्लिप म्हणजे नुसतं सरकलेलं अंतर भागिले सिग्मा, म्हणजे स्प्रिंग. एकाच समीकरणात दोन्ही. मग हीच स्लिप मॅजिक फॉर्म्युल्यात घाल, फॉर्म्युल्याला हात लावायची गरज नाही.

पुढेमागेला सिग्मा ०.३ मीटर घेऊन बघ. आडव्या दिशेला अंदाज हवा तर कॉर्नरिंग स्टिफनेस भागिले टायरचा आडवा स्टिफनेस: साधारण ५९,००० न्यूटन प्रति रेडियन (चाकणकरांचे १०२७ प्रति डिग्री) भागिले समजा १,२०,००० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे अर्धा मीटर.

साताऱ्याचं_स्टिअरिंग

ताई खरंच हात जोडतो, १.०६ बघून अंगावर काटा आला, मी स्टॉपवॉच लावून १.०५ मोजलं होतं. चाकणकर काका, ४००० च घातले होते, आणि अँगल रेडियनमध्ये होता, म्हणजे दोन्ही चुका एकदम केल्या होत्या. आता १०२७ जुळतंय, गाडी वळते.

ताईंचं समीकरण काल रात्री टाकलं. गाडी सरकायची थांबली पण आता डुलते, सेकंदाला तीनेक वेळा पुढे-मागे, आणि डुलणं वाढत जातं, मग एकदा सुटली की घसरत खाली. सिग्मा चुकला का?

कोपरा_कापणारा

घर्षणाचं लूग्रे मॉडेल बघ ना, लुंड आणि ग्रेनोबलच्या लोकांचं, १९९५ चंच, त्यात थांबणं आणि घसरणं दोन्ही येतं.

रबरवाली

लूग्रे चांगलं आहे पण तेही आतून केसांचंच मॉडेल आहे, आणि त्याला स्वतःची खोड आहे, थरथरत्या छोट्या लोडखाली ते हळूहळू सरकतं. ज्या रोगासाठी आलो तोच. आधी आहे ते नीट करूया.

@साताऱ्याचं_स्टिअरिंग सिग्मा बरोबर आहे, तू आता स्प्रिंग लावलीस, डॅम्पर काढून टाकलास, मग डुलेल नाही तर काय करेल. ६०,००० ÷ ०.३ = २ लाख न्यूटन प्रति मीटर एका टायरला, दोन टायर ४ लाख, त्यावर १२०० किलो. ४ लाख ÷ १२०० चं वर्गमूळ १८.३ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला २.९ वेळा. तेच तुला दिसतंय. खऱ्या गाडीतही हे असतं, सिग्नलला जोरात ब्रेक लावून थांबलं की गाडी शेवटी एक छोटा झोका मागे देते, त्यात सस्पेन्शन असतं तसं टायरचं रबरही असतं.

वाढत जातं ते मात्र रबराचं पाप नाही, ऑयलरचं आहे. साधा ऑयलर डॅम्पिंग नसलेल्या झोक्याला दर स्टेपला थोडं थोडं ढकलत राहतो, तुझ्या आकड्यांना दर स्टेपला साडेचार टक्के, म्हणजे सेकंदात कितीपट होईल बघ. उपाय फुकटातला आहे, फक्त ओळींचा क्रम बदल. आधी फोर्स काढ, त्याने वेग बदल, आणि नव्या वेगाने स्लिप पुढे ने. जुन्या वेगाने नको. याला सेमी-इम्प्लिसिट म्हणतात. झोका वाढायचा थांबेल.

मग तो विझायला डॅम्पिंग घाल, पण फक्त कमी वेगाला. दोन टायर मिळून साधारण ८,८०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर घे, म्हणजे क्रिटिकलच्या (झोका न देता थांबायला लागेल तेवढ्या डॅम्पिंगच्या) वीस टक्के, आणि वेग शून्यापासून २.५ मीटर प्रति सेकंदापर्यंत जाताना ते कोसाइनच्या आकाराने शून्यावर आण. एकदम बंद केलंस तर तिथे धक्का बसेल.

अजून दोन गोष्टी, दोन्ही न केल्यास परत इथेच येशील. एक, फिरणाऱ्या चाकाचा स्वतःचा झोका वेगळा आहे, चाक हलकं असतं म्हणून तो फार जलद, ५४०० ÷ ०.३ चं वर्गमूळ १३४ रेडियन प्रति सेकंद, सेकंदाला एकवीस वेळा. सेमी-इम्प्लिसिटलाही १३४ ÷ ६० = २.२ झेपत नाही, दोनच्या आत पाहिजे. म्हणून टायर आणि चाक एवढंच गणित एका फ्रेममध्ये चार वेळा कर, बाकी गाडी ६० ला राहू दे. आणि दोन, फोर्स कळसावर पोचला आणि स्लिप अजून वाढायलाच बघतेय, वेग जवळजवळ शून्य आहे, अशा वेळी वाढ रोखून धर. नाहीतर स्प्रिंग उगाच गुंडाळत जाते आणि ब्रेक सोडला की गाडी गलोलीतून सुटल्यासारखी मागे येते.

चाकणकर_७२

गलोलीवरून आठवलं, आमच्याकडे एका मॉडेलमध्ये नेमकं हेच झालं होतं, डेमोच्या दिवशी, साहेबांच्या समोर. गाडी थांबली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ब्रेक सोडल्यावर तीन मीटर मागे उडी. कुणी काही बोललं नाही, चहा आला.

कोपरा_कापणारा

बरं लूग्रे सोडा, मी एक दुसरी गोष्ट सांगतो, आम्ही फॉर्म्युला स्टुडंटची (कॉलेजच्या पोरांनी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) गाडी बनवायचो तेव्हाची. आम्हाला टायरचा डेटा टायर टेस्ट कन्सोर्शियमकडून मिळायचा, कॉलेजं पैसे भरून मेंबर होतात आणि अमेरिकेत बफेलोला कॅलस्पनच्या मशिनवर टायर फिरवून टेस्ट होतात, डेटा मेंबरांच्या बाहेर द्यायचा नसतो त्यामुळे माझ्याकडे मागू नका. आम्ही तो डेटा फिट केला, ग्रिपचा गुणांक आला अडीचच्या वर, आणि आम्ही खुळ्यासारखे आनंदात, म्हटलं आता आपली गाडी भिंतीवर चढणार. मग सीनियरने सांगितलं की मशिनच्या पट्ट्यावर सँडपेपरसारखा खरखरीत थर असतो, रस्ता तसा नसतो, आकडा साधारण दोन-तृतीयांशाने गुणायचा. सांगायचा मुद्दा, मॅजिक फॉर्म्युल्यात मॅजिक काही नाही, तो मोजलेल्या ठिपक्यांवरून बसवलेला कर्व्ह आहे, ठिपके ज्या जमिनीवरचे असतील तेवढंच त्याला माहीत.

आणि गाइड म्हणतात ते नुसतं स्टिफनेस गुणिले स्लिप, त्याने काय हुकतं ते बघ. चाकणकरांचेच आकडे घे. एका अ‍ॅक्सलवर दोन टायर, ४ आणि ४ किलोन्यूटन, दोघांची मिळून जास्तीत जास्त ग्रिप ७३८१ न्यूटन. आता वळणात वजन बाहेरच्या चाकावर गेलं, आत २ आणि बाहेर ६. बेरीज तेवढीच ८, पण ग्रिप होते १९३४ + ५२७० = ७२०४. म्हणजे वजन नुसतं इकडचं तिकडे केलं आणि पावणेदोनशे न्यूटन गायब. तुला वाटेल हे काय, अडीच टक्के. पण सुरुवातीचा स्टिफनेस बघ, ४-४ ला मिळून २०५४ न्यूटन प्रति डिग्री, २-६ ला १७८५. तेरा टक्के! पुढच्या अ‍ॅक्सलला जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) टाकला की गाडी वळणात पुढून बाहेर का जाते ते यातच आहे, आणि सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये स्टिफनेस लोडच्या प्रमाणात धरलास तर हे दिसणारच नाही, बार कसाही बदल, गाडीला फरक पडणार नाही. आमचा अख्खा एक सीझन त्या बारवर गेलाय.

साताऱ्याचं_स्टिअरिंग

थांबली!!! क्रम बदलला, डॅम्पिंग टाकलं, चार वेळा केलं. गाडी उतारावर ठेवली की एक-दोन झोके देते आणि थांबते. किती खाली बसली ते मोजलं, १.८ मिलिमीटर. आणि मग वहीत केलं, ७०६ ÷ ४,००,००० = १.७७ मिलिमीटर. ताई हे मी रिपोर्टमध्ये टाकणार, गाइडना आता काय म्हणायचं ते म्हणू दे.

कोपरा दादा, बारवालं पण करतो, ते भारी आहे.

एकच शेवटचं. हँडब्रेक ओढून गाडी फिरवायला गेलो (घाटात नाही, रिकाम्या मैदानावर) तर गाडी फिरतच नाही, मागची चाकं लॉक आहेत, पुढे घासत चाललीयेत, तरी मागचा भाग रुळावरच्या डब्यासारखा सरळ. हे काय आता?

रबरवाली

कारण तुझा टायर दोन नोकऱ्या करतोय आणि दोन्हीकडून पूर्ण पगार घेतोय.

तू पुढेमागेचा फोर्स वेगळा काढतोस, आडवा वेगळा, दोघांना एकमेकांची खबर नाही. ब्रेकिंगला पूर्ण ग्रिप, वळायला परत पूर्ण ग्रिप. दोन्हींची मिळून बेरीज काटकोनात केलीस तर एका टायरला जेवढं शक्य त्याच्या १.४१ पट होते. रबर जमिनीवर एकाच दिशेला घासू शकतं, दोन नाही.

लॉक झालेलं चाक ही सगळ्यात सोपी केस आहे म्हणून त्यावरच समजून घे. चाक फिरतच नाही, म्हणजे रबर गाडी जिकडे चाललीये तिकडेच घासतंय आणि फोर्स बरोबर त्याच्या उलट. चाक १० डिग्री तिरकं आहे समज. मग एकूण फोर्सचा आडवा हिस्सा फक्त साइन १० डिग्री, म्हणजे १७ टक्के. तुझ्या ४ किलोन्यूटनच्या टायरला ते ६४० न्यूटन झाले. तेच चाक मोकळं फिरत असतं तर १० डिग्रीला जवळजवळ पूर्ण ३६९० मिळाले असते. ३६९० वरून ६४० वर आलं म्हणूनच हँडब्रेक ओढला की मागचा भाग सुटतो आणि गाडी फिरते. तुझ्या मॉडेलमध्ये ते ३६९० तसेच उभे आहेत.

करायचं असं: दोन्ही स्लिप आपापल्या कळसाच्या स्लिपने भाग, वर्ग करून बेरीज, वर्गमूळ. ही झाली एकत्रित स्लिप. फोर्सचा आकार या एका आकड्यावरून काढ, आणि मग तो दोन्ही दिशांना दोन स्लिपच्या प्रमाणात वाटून दे. पाचेकांच्या पुढच्या आवृत्त्यांत यासाठी वेगळे वजनांचे फॉर्म्युले आहेत आणि ते जास्त बरोबर आहेत, पण त्यांना ढीगभर अधिक आकडे लागतात आणि ते तुझ्याकडे नाहीत. आकडे नसताना मोठा फॉर्म्युला घेणं म्हणजे साखर नसताना चहाचं भांडं मोठं करणं.

एक भानगड लक्षात ठेव, पूर्ण लॉक झालेल्या चाकाला ही वाटणी अगदी तंतोतंत दिशा देत नाही, कारण दोन दिशांचे कळस वेगवेगळे आहेत. म्हणून स्लिप फार मोठी झाली की वाटणी हळूहळू घसरण्याच्या खऱ्या दिशेकडे वळव. तपासायची केस तुझ्याकडे आहेच, १० डिग्री, ६४० न्यूटन.

पेट्रोल_डोक्यात

मी पहिल्या दिवशी म्हटलेलं मागे घेतो. माझ्या गेममध्येही गाडी उतारावर सरकते, आत्ता उघडून बघितलं. आम्ही वेग कमी झाला की गाडी फ्रीझ करतो, तेवढं सांगायचं राहिलं होतं 😅

साताऱ्याचं_स्टिअरिंग

ताई ६४० च्या जागी आधी ९०० येत होते, वाटणी वळवल्यावर ६४३. गाडी फिरली, दीड चक्कर, मी खुर्चीवरून उठून नाचलो.

आणि उताराची टेस्ट रात्रभर चालू ठेवली होती, हँडब्रेक लावून. आई सकाळी विचारत होती कॉम्प्युटर का चालू आहे, म्हटलं गाडी उभी केलीये घाटात. आठ तासांनी बघितली, १.८ मिलिमीटरवरच आहे, केसभर हलली नाही.

चाकणकर_७२

गिअरमध्ये टाकलीस ना पण?